बारा तोळ्यांचा बेरा

न्यूयॉर्कच्या विमानतळावर माझ्या पैंजणांनी मला अडवलं. सुरक्षा तपासणीच्या कमानीतून बाहेर पडले तशी तिथल्या बाईनं पायांकडे बोट दाखवलं. साडी थोडी वर घेतली. चांदी आहे, म्हटलं. तिनं प्लास्टिकचा ट्रे पुढे सरकवला. तीस वर्षांत पैंजण काढायची वेळ फक्त दोन बाळंतपणांत आणि एका ऑपरेशनला आली होती. आकडी घट्ट बसलेली. मागे रांग वाढत होती आणि मी खाली बसून, आमच्याच घरात बनलेल्या पैंजणांची कडी नखानं उघडत होते. आमचे हे समोर असते तर म्हणाले असते, बघ, काम किती पक्कं झालंय.

मी हुपरीची. कोल्हापूर जिल्ह्यात, हातकणंगले तालुक्यातलं गाव. बाहेरच्यांना सांगताना ‘चांदीचं हुपरी’ म्हणावं लागतं, म्हणजे लगेच कळतं. घरोघरी मूस, जंत्री, रोलिंगचं मशीन. पैंजण, चाळ, जोडवी, मासोळ्या, वाळे यांतलं काही ना काही प्रत्येक गल्लीत चालू. पुरुष आटणी करतात, तार ओढतात, डाक देतात आणि दुपारी दारात बसून बायका साखळीला घुंगरू जोडतात. मीही जोडलेत, लग्नानंतरच्या प्रत्येक उन्हाळ्याच्या सुट्टीत. बाकीचे दिवस शाळेत भूगोल शिकवत होते. गावाभोवती सगळा ऊस. जवळच जवाहर साखर कारखाना. हंगामात मळीचा वास खिडकीतून आत येतो आणि बैलगाड्या-ट्रॅक्टरांच्या रांगेत एसटी अडकते. ऊस आणि चांदी, या दोन गोष्टी सोडून आमच्या गावात बोलायला तिसरा विषय नसतो. निवडणूक सोडून.

लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला गेले होते. चार महिने झाले, बाळ पाळणाघराशी जमवून घेऊ लागलं आणि माझं काम कमी झालं. भूगोलाच्या बाईला नकाशा बघायची खोड. न्यूयॉर्कपासून पाच तासांवर त्रिनिदाद. वर्गात वर्षानुवर्षं फळ्यावर वेस्ट इंडीज काढलं, ठिपके ठिपके, आणि सगळ्यात खाली, व्हेनेझुएलाच्या नाकासमोर हे बेट. मधला समुद्र एका ठिकाणी जेमतेम अकरा किलोमीटर. बेटाचं क्षेत्रफळ 4,800 चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आमच्या कोल्हापूर जिल्ह्यापेक्षा बरंच कमी. चार दिवस पुरतील, असं मी ठरवलं. लेक म्हणाली, मी येते. तिला सुट्टी नव्हती. जावई म्हणाले, टूर बघू. हुपरीहून फोनवर सासूबाई म्हणाल्या, ‘एकटी जाऊन काय करतीस तिथं?’ याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, म्हणून तिकीट काढलं.

तयारीचं थोडं सांगते, कारण नंतर मला अनेकींनी तेच विचारलं. भारतीय पासपोर्टवर थोड्या दिवसांच्या पर्यटनासाठी मला त्रिनिदादचा व्हिसा लागला नाही. परतीचं तिकीट आणि राहण्याचा पत्ता मात्र विचारला गेला. नियम बदलतात, निघण्याआधी बघून घ्यावं. माझ्याकडे अमेरिकेचा व्हिसा होता म्हणून न्यूयॉर्कमार्गे सोपं गेलं. भारतातून थेट विमान नाही आणि वाटेत ज्या देशात उतरायचं त्याचा ट्रान्झिट व्हिसा हीच खरी डोकेदुखी. दुसरं, पीतज्वर. आपल्या सरकारच्या यादीत त्रिनिदाद पीतज्वराच्या देशांत येतं. तिथून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि लशीचा दाखला नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरणात. लस जाण्याआधी किमान दहा दिवस घ्यावी लागते. मी परत न्यू जर्सीलाच जाणार होते, तरी टोचून घेतली. तिसरी गोष्ट ऐकून जावई हसले, पण खरी आहे: लष्करी ठिपक्यांचे कपडे तिथं सामान्य माणसानं घालणं हा गुन्हा आहे. त्यांची तशी टोपी मी उन्हासाठी बॅगेत टाकली होती, ती काढली.

आणि भीतीचं. खून-टोळ्यांच्या बातम्या तिथं खूप. 2024 च्या डिसेंबरअखेर सरकारनं आणीबाणीही जाहीर केली होती. लेकीनं सगळ्या बातम्या वाचून दाखवल्या. मी काही नियम ठरवले: अंधार पडल्यावर रस्त्यावर नाही, निर्जन समुद्रकिनाऱ्यावर एकटी नाही, आणि गाडी ‘एच’ नंबरचीच. तिथं भाड्याच्या गाडीची पाटी एच अक्षरानं सुरू होते, खासगीची पी नं. बरेच जण पी गाडीतूनही प्रवासी नेतात. मी बसणार नव्हते. यांतला पहिला नियम दुसऱ्याच दिवशी मोडला, ते पुढे येईल.

पियार्कोच्या विमानतळाबाहेर आले आणि हवा ओळखीची वाटली. मार्च महिना, तिकडचा कोरडा हंगाम. उजेड कोकणातला, वाऱ्याला मीठ. गाड्या डावीकडून चालणाऱ्या. चार महिने अमेरिकेत उजव्या बाजूला दचकत होते, इथं जीव भांड्यात पडला. टॅक्सीवाला साठीचा, तोंडवळा थेट आपल्या बिहारी भय्याचा, इंग्रजी मात्र असं लयीत की निम्मं कळेना. भारतातून? हो. कुठून? त्याला हुपरी काय सांगणार. मुंबईजवळ, म्हटलं; जवळजवळ चारशे किलोमीटर गिळून टाकले. ‘गावस्करची मुंबई!’ आणि त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवरून उठले.

पोर्ट ऑफ स्पेनचं क्वीन्स पार्क ओव्हल मैदान त्यानं मला मुद्दाम बाहेरून दाखवलं. 1971 च्या मार्चमध्ये अजित वाडेकरच्या संघानं इथंच वेस्ट इंडीजला पहिल्यांदा कसोटीत हरवलं. सुनील गावस्करची ती पहिलीच कसोटी, 65 आणि नाबाद 67. दिलीप सरदेसाईचं शतकही त्याच सामन्यात. महिन्याभरानं शेवटच्या कसोटीत गावस्करनं याच मैदानावर 124 आणि 220 काढले, मालिकेत 774. लॉर्ड रिलेटर नावाच्या गायकानं त्याच्यावर कॅलिप्सो रचलं, ते ड्रायव्हरला पाठ होतं. आपल्याला हरवणाऱ्यावर गाणं करणारी माणसं! त्या वेळी तो शाळेत होता आणि आजा त्याला खांद्यावर घेऊन आला होता, असं तो म्हणाला.

आजा?

हो, वडिलांचे वडील आजा, आणि वडिलांची आई आजी.

मी त्याला पुन्हा म्हणायला लावलं. त्रिनिदादला मराठी वस्ती नाही. मुंबई बंदरातून रत्नागिरी-साताऱ्याकडची माणसं गेली ती मॉरिशसला, तिथं आजही मराठी शाळेत शिकवतात. इथं आली ती कलकत्त्याच्या बंदरातून, भोजपुरी मुलखातली, थोडी मद्रासहून. पण आजी हा शब्द दोन्हींकडे एकच. मला तिथं सगळे आंटी म्हणत. आजी म्हणावं असं वय असूनही कुणी म्हटलं नाही, कारण तो शब्द नात्यातच वापरतात.

सकाळी डबल्स खाल्लं. इंग्रजी नावानं फसू नका. हळदीचे दोन मऊ वडे, त्यांना बारा म्हणतात, त्यांच्यात पातळ छोले, वर चिंच, काकडी आणि तिखट. कागदात गुंडाळून हातात देतात; रस्त्याच्या कडेला उभ्यानं, पुढे वाकून खायचं, नाहीतर सगळं साडीवर. 1930 च्या दशकात प्रिन्सेस टाउनच्या दीन कुटुंबानं ही गाडी सुरू केली, आधी एकच बारा, मग लोक दोन मागू लागले आणि तेच नाव झालं. विकणाऱ्यानं ‘स्लाइट?’ विचारलं, म्हणजे तिखट थोडंच का. कोल्हापूरची बाई. म्हटलं, भरपूर. तिथली मिरची आपल्या लवंगीची मावशी निघाली. डोळ्यांतून पाणी आलं, पण मी कबूल केलं नाही, आणि दुसरं मागितलं.

दुसऱ्या दिवशी बेटाच्या मध्य भागातल्या चॅग्वानसकडे निघाले. शहरातल्या साउथ की भागात सिटी गेट नावाचा अड्डा आहे, मूळचं रेल्वे स्टेशन. रेल्वे 1968 मध्ये बंद झाली, इमारत राहिली. तिथून मॅक्सी सुटतात. आपल्या वडापच्या, फक्त रांगेत भरणाऱ्या आणि पट्ट्यांच्या. पूर्वेकडे जायचं तर लाल पट्टा, मध्य आणि दक्षिण भागात हिरवा. हिरवी धरली. पंधरा मिनिटांत शहर संपलं आणि सपाट माळ लागला. इथं ऊस होता. कित्येक पिढ्या फक्त ऊस होता. सरकारी साखर कंपनी कॅरोनी 2003 मध्ये बंद झाली, हजारो माणसं एकदम घरी बसली. आता रानात गवत, गोदामं, कुठं भाजीचे वाफे. मधूनच एखादा आपोआप उगवलेला उसाचा ठोंब दिसला की मी खिडकीला नाक लावत होते. आमच्याकडे कारखाना एक महिना उशिरा पेटला तर पंचक्रोशी अस्वस्थ होते. इथं बेटाचं बेट याच एका पिकासाठी माणसांनी भरलं, आणि पीक गेलं, माणसं राहिली.

पहिलं जहाज, फत्तेल रझाक, कलकत्त्याहून 16 फेब्रुवारी 1845 ला निघालं आणि 30 मे ला इथं पोचलं, 103 दिवस. तो दिवस आज तिथं सार्वजनिक सुट्टीचा. 1834 नंतर गुलामगिरी मोडली, मळेवाल्यांना हात हवे होते. 1917 पर्यंत 1 लाख 43 हजारांहून जास्त माणसं आली. पाच वर्षांचा करार, त्यालाच गिरमिट म्हणायचे. भरती करणारे दलाल बेटाचं नावच ‘चिनीदाद’ सांगत, साखर चाळायचं काम आहे म्हणत, अशी तिथं आठवण सांगतात. एका जहाजावरून आलेले मरेपर्यंत जहाजी भाई, जहाजी बहीण.

यातली एक गोष्ट मला आधी माहीत नव्हती. सरकारचा नियम होता, शंभर पुरुषांमागे चाळीस बायका हव्यातच. दलालांना बायका सहज मिळत नसत. आल्या त्यांतल्या फार मोठ्या संख्येनं एकट्या होत्या: विधवा, टाकलेल्या, दुष्काळानं घराबाहेर पडलेल्या, काही सरळ घर सोडून निघालेल्या. मी चार दिवसांचं परतीचं तिकीट खिशात ठेवून ‘एकटीनं प्रवास’ म्हणत होते. लेकीनं मैत्रिणींना माझं फार कौतुक सांगितलं होतं, ते त्या माळावर मला जरा जड झालं.

चॅग्वानसच्या पुढे, कॅरापिचैमाजवळ वॉटरलू गावी समुद्रात देऊळ आहे. त्याची गोष्ट अशी. सेवदास साधू हा मळ्यावरचा मजूर. त्यानं 1947 मध्ये किनाऱ्यावर छोटं देऊळ बांधलं. जमीन साखर कंपनीची. कंपनीनं खटला भरला, देऊळ पाडलं, त्याला दंड आणि चौदा दिवसांची कैद झाली. सुटून आल्यावर तो म्हणाला, जमीन तुमची ना, समुद्र तर कुणाचा नाही. सायकलवरून दगड, बादलीनं सिमेंट नेत, ओहोटीला भर घालत तो एकटा वर्षानुवर्षं समुद्रात वाट आणि देऊळ रचत राहिला. लोक वेडा म्हणायचे. त्याच्या माघारी लाटांनी ते खिळखिळं केलं. 1995 मध्ये, भारतीयांच्या आगमनाला दीडशे वर्षं झाली तेव्हा, सरकारनं ते नव्यानं उभारलं. मी गेले तेव्हा ओहोटी होती. चिखलावर बगळे, बांबूंना बांधलेल्या रंगीत झेंड्या, पूजेनंतर इथं अंगणातही त्या रोवतात, आणि शेजारीच स्मशानघाट. देऊळ म्हणून बांधकाम काही फार देखणं नाही, खरं सांगायचं तर. पण त्या भरावावरून चालताना मी प्रत्येक पावलाला बादल्या मोजत होते.

जवळच इंडियन कॅरिबियन म्युझियम. दोन-तीन खोल्यांचा पसारा. वेळ आधी विचारून जावं. तिथं लाकडी खडावा, ‘सपाट’ नावाच्या, गवत कापायचा ‘हसवा’, आणि ‘जाता’. म्हणजे आपलं जातं, खुंट्यासकट. पाटीवर इंग्रजीत भलंमोठं स्पष्टीकरण. मला स्पष्टीकरणाची गरज नव्हती, माझ्या आईचं जातं अजून परसात उलटं पडलंय.

तिथून थोड्या अंतरावर 85 फुटी हनुमान, आणि तो ज्या आवारात उभा आहे त्याचं नाव दत्तात्रेय योग केंद्र. म्हैसूरच्या दत्त पीठाशी जोडलेलं. मूर्ती दक्षिण भारतातल्या कारागिरांनी घडवली, 2003 मध्ये पूर्ण झाली. पण मी बघत राहिले ती आतल्या दत्ताकडे. हुपरीहून नरसोबाची वाडी तासाभराच्या आत. पौर्णिमेला जाणारी माणसं आम्ही. पृथ्वीच्या अर्ध्या फेऱ्यावर, घड्याळ साडेनऊ तास मागं पडलेलं, आणि दत्त समोर. त्या नादात वेळेचं भान गेलं.

बाहेर आले तर सूर्य खाली गेलेला. मॅक्सी मोठ्या रस्त्यावर, आणि आतल्या रस्त्यावर एकही एच गाडी येईना. एका दुकानाच्या पायरीवर उभी राहिले. दुकानातल्या बाई सत्तरीच्या पुढच्या. त्यांनी आधी माझी साडी बघितली, मग पाय. ‘पायल?’ म्हटलं, हो, आमच्या गावात बनतात. त्यांनी मला आत बोलावलं, खुर्ची दिली, भाच्याला फोन लावला. तो यायला पाऊण तास होता.

त्या आत गेल्या आणि फडक्यात बांधलेलं काहीतरी घेऊन आल्या. जाड चांदीचं कडं, तोंडं उघडी, दोन्ही टोकांना गाठी. ‘बेरा. माझ्या आजीचा.’ तिच्या सासूकडून तिला आला होता.

मी हातात घेतला आणि हात आपोआप तराजू झाला. जुने बारा तोळे, म्हणजे 140 ग्रॅम. डाक कुठं नाही. सळई ठोकून वाकवलेली, टोकं घणानं बसवलेली. गिरमिटिया माणसांत सोनारही होते. मजूर पगाराची नाणी त्यांच्याकडे नेत आणि ते ती आटवून बेरा, हँसुली, हैकल करून देत. बँक नव्हती, असती तरी विश्वास नव्हता. मजुरी बायकोच्या अंगावर ठेवली की ती बराकीतल्या चोराला दिसते खरी, पण मळेवाल्याच्या वहीत जात नाही. फेलिक्स मोरॅं या फोटोग्राफरनं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथं अशाच दागिन्यांनी मढलेल्या बायकांचे फोटो काढले, त्यांची पोस्टकार्डं जगभर विकली गेली. गोऱ्यांना त्यांत नटलेली पूर्वेकडची सुंदरी दिसायची. मला त्या फोटोंत बचतखातं दिसतं.

मी दुकानातल्या कागदावर हिशेब मांडला, मास्तरीण ती मास्तरीणच. ब्रिटिश शिलिंग 5.65 ग्रॅमचं, आणि 1920 च्या आधीचं असेल तर साडेब्याण्णव टंच. नंतर सरकारनं चांदी निम्म्यावर आणली. 140 ग्रॅम म्हणजे पंचवीस शिलिंगं. धडधाकट गड्याची रोजची मजुरी 25 सेंट, शिलिंगापेक्षा अर्धी पेनी जास्त. हलक्या कामाचे 16 सेंट, आणि बायका बहुतेक त्याच रांगेत. म्हणजे हा एक बेरा बाईच्या सदतीस-अडतीस दिवसांच्या मजुरीचा. त्यात खाणंपिणं काहीच धरलेलं नाही. बाई माझा कागद निरखून बघत होत्या. एवढा हिशेब कुणी केला नव्हता, म्हणाल्या.

मग त्यांनी खरा प्रश्न विचारला. सुनेचं म्हणणं, हा आटवून दोन्ही नातींना बारीक बांगड्या कराव्यात. नवी पोरं असलं जड घालत नाहीत. तुम्ही चांदीच्या गावच्या, तुम्ही सांगा.

मी काय सांगणार? आमच्या गावात रोज कितीतरी आज्यांचे तोडे मोडीत येतात आणि मुशीत जातात. त्याच चांदीची पैंजणं होऊन देशभर जातात. माझ्या पायात आहेत त्यांत कुणाची आजी आहे, मला ठाऊक नाही. लेकीचं शिक्षण त्यावरच झालं. मी म्हटलं, घरी विचारून सांगते. फोटो काढला, दोन्ही टोकांचे जवळून, आणि यांना पाठवला. हुपरीत तेव्हा पहाटेचे साडेतीन.

भाचा आला, त्यानं मला पार पोर्ट ऑफ स्पेनला दारापर्यंत सोडलं आणि पैसे घेतले नाहीत. गाडीची पाटी पी होती.

तिसऱ्या दिवशी कॅरोनीच्या खाजणात गेले. चार वाजता होडी निघते, खारफुटीच्या बोळांतून सरकते. होडीवाला फांदीवर वेटोळं घातलेला बोआ जातीचा साप दाखवतो, मग उघड्या पाण्यावर इंजिन बंद करून वाट बघायची. संध्याकाळी स्कार्लेट आयबिस थव्यांनी मुक्कामाला येतात. लाल म्हणजे किती लाल, याला माझ्याकडे कुंकवाशिवाय शब्द नाही. तो रंग त्यांच्या खाण्यातल्या बारीक कोळंबी-खेकड्यांतून येतो. पिल्लं करडी असतात. त्रिनिदादचा राष्ट्रीय पक्षी, तरी लोक चोरून खायचे. 2018 मध्ये कायदा कडक केला. हिरवं झाड बघता बघता लाल ठिपक्यांनी भरलं. होडीत सगळे गप्प. माराकसचा किनारा आणि ला ब्रेयाचं डांबराचं तळं राहून गेलं, त्याची फार चुटपुट नाही.

परतताना फोन वाजला. दिवसभर रेंज नसल्यानं सकाळपासूनचे निरोप एकदम आले. लेकीचे सात, सासूबाईंनी नातवाकडून लिहून घेतलेला एक: जेवलीस का. आणि यांचे दोन. पहिला, ‘घण-काम एक नंबर. टंच लावून बघितलास?’ दुसरा वीस मिनिटांनी आलेला: ‘मोडीत देऊ नका म्हणावं.’